स्फटिकाच्या कलाने

सिलिकॉनवर नॅनोमीटरच्या मापाच्या रचना कोरण्याचे काम जिथे चालते, तिथे एक उतरंड ठरून गेलेली दिसते. वरच्या पायरीवर प्लाझ्मा असतो: निर्वात कक्ष, मोजून सोडलेले वायू, पडद्यावर क्षणाक्षणाला उमटणारे आकडे. खालच्या पायरीवर वेट बेंच असते: प्लास्टिकची भांडी, गरम अल्कली, हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि एक स्टॉपवॉच. नव्या विद्यार्थ्याच्या कानावर लवकरच पडते की नेमके काम प्लाझ्माने करायचे. रसायन धुण्यासाठी, ऑक्साइड काढण्यासाठी किंवा यंत्र बंद असेल तेव्हाच्या सोयीसाठी. प्रकाशाच्या उपकरणांपुरते बोलायचे तर ही उतरंड मला चुकीची वाटते. या कामातून माझे जे मत तयार झाले ते असे, की प्रकाशीय रचनेचा आकार मास्क, म्हणजे कोरताना वर ठेवलेला झाकणाचा साचा, ठरवतो, पण तिचा गुण तिचा पृष्ठभाग ठरवतो. आणि पृष्ठभागाच्या बाबतीत शेवटचा शब्द रसायनाचा असला पाहिजे. रासायनिक एचिंगमधला, म्हणजे द्रावणाने कोरण्यातला, अचूकपणा यंत्रातून येत नाही. तो स्फटिकाच्या बांधणीतून आणि त्यातल्या विद्युतभाराच्या वागण्यातून येतो. कोरणाऱ्याचे खरे कौशल्य एवढेच, की आपल्या हातून होणारी चूक पदार्थानेच सावरावी अशी परिस्थिती मांडणे. या मतामागचा पुरावा पुढे मांडतो. त्यावरचे आक्षेपही मांडतो, कारण त्यांतले काही खरे आहेत.

आधी प्रकाशाची गरज काय ते पाहू. दूरसंचारात वापरला जाणारा १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सिलिकॉनमध्ये शिरला की त्याची तरंगलांबी सुमारे ४४५ नॅनोमीटर होते, कारण तिथे सिलिकॉनचा अपवर्तनांक ३.४८ च्या आसपास असतो. म्हणून या प्रकाशाला वाहून नेणारी सिलिकॉनची पट्टी, म्हणजे वेव्हगाइड, साधारण २२० नॅनोमीटर उंच आणि ४५० ते ५०० नॅनोमीटर रुंद ठेवतात. इतक्या अरुंद वाटेत प्रकाश मधोमध चालत नाही. तो भिंतींना घासून चालतो आणि थोडा भिंतीबाहेरही पसरलेला असतो. बाहेर काचेसारखा सिलिकॉन डायऑक्साइड, त्याचा अपवर्तनांक १.४४. आत आणि बाहेर यांच्यातल्या या मोठ्या फरकामुळेच प्रकाश वाटेत कोंडून राहतो, आणि त्याच फरकामुळे भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा प्रकाश बाहेर उधळतो. उधळणीतून होणारा तोटा खडबडीतपणाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: खडबडीतपणा दुप्पट झाला तर तोटा चौपट. म्हणजे आराखड्यात सगळी मापे बरोबर असलेली, सूक्ष्मदर्शकाखाली देखणी दिसणारी पट्टीसुद्धा प्रकाशाच्या दृष्टीने निकामी असू शकते.

हे नुसते तर्काने म्हणत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये केविन ली, लायोनेल किमर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेले काम या बाबतीत मला सर्वांत बोलके वाटते. एकाच प्रकारच्या सिलिकॉन वेव्हगाइडमधला तोटा त्यांनी दर सेंटिमीटरला ३२ डेसिबलवरून ०.८ डेसिबलवर आणला. डेसिबलची भाषा उलगडली तर फरक किती प्रचंड आहे ते कळते. ३२ डेसिबल तोटा म्हणजे एका सेंटिमीटरनंतर मूळ प्रकाशाचा जेमतेम सोळाशेवा भाग उरतो, ०.८ डेसिबल म्हणजे त्र्याऐंशी टक्के प्रकाश पलीकडे पोहोचतो. ही मजल त्यांनी वाट रुंद करून किंवा आणखी बारीक मास्क वापरून मारली नाही. त्यांनी भिंती गुळगुळीत केल्या, आणि त्यासाठी दोन मार्ग धरले. एक, भिंतीचा पातळ थर ऑक्सिडीकरणाने काचेत बदलणे. पुढे आलेले उंचवटे या क्रियेत आधी झिजतात. दुसरा, स्फटिकाच्या दिशेनुसार कमीजास्त वेगाने कोरणारे द्रावण वापरणे. दोन्ही मार्गांत भिंतीवरून हात फिरवला तो रसायनाने.

स्फटिकाच्या दिशेची ही गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. लाकडाच्या रेषेविरुद्ध रंधा मारला तर लाकूड ओरबाडते आणि रेषेच्या बाजूने मारला तर तुळतुळीत होते, हे सुताराला कुणी शिकवावे लागत नाही. सिलिकॉनलाही अशा रेषा आहेत, फक्त त्या अणूंच्या रांगांच्या आहेत. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात सिलिकॉनचे सगळे पृष्ठ सारख्या वेगाने झिजत नाहीत. ज्याला १०० म्हणतात त्या पृष्ठावरचा प्रत्येक अणू आतल्या स्फटिकाला दोन बंधांनी धरून असतो. १११ या पृष्ठावरचा अणू तीन बंधांनी. एका जादा बंधाने एवढा फरक पडतो की पहिले पृष्ठ मिनिटाला मायक्रोमीटरभर झिजत असताना दुसरे जवळजवळ जागचे हलत नाही. हे गुणोत्तर शेकड्यांत जाते. परिणामी १०० पृष्ठाच्या वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, मास्कमध्ये सरळ फट ठेवली, की खाली ५४.७४ अंशांच्या उतारांची इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर तयार होते. दोन्ही उतार तळाशी एकमेकांना भेटले की काम आपोआप थांबल्यासारखे होते. चरीची खोली फटीच्या रुंदीच्या ०.७ पट असते, आणि हा आकडा घड्याळाने ठरत नाही, भूमितीने ठरतो. वेफर द्रावणात थोडा जास्त वेळ राहिला तरी चर फारशी बिघडत नाही. १२५ मायक्रोमीटर व्यासाचे ऑप्टिकल फायबर चिपसमोर नेमके बसवायला अशा चरी वापरतात. फायबरचा गाभा प्रकाशाच्या वाटेसमोर अचूक यावा लागतो, आणि ती अचूकता कुठल्याही मोटारीपेक्षा स्फटिक स्वस्तात देतो.

प्लाझ्मा आणि रसायन यांच्यातला फरक इथे स्पष्ट होतो. प्लाझ्मातले आयन वरून खाली आदळतात आणि जिथे मास्क नाही तिथे खणतात. भिंत कशी राहील हे मास्कच्या कडेवर आणि वायूंच्या तोलावर अवलंबून असते. मास्कच्या कडेचा नागमोडीपणा जसाच्या तसा भिंतीवर उतरतो. खोल चरींसाठी प्रसिद्ध असलेल्या बॉश पद्धतीत तर आळीपाळीने खणणे आणि लेप देणे चालते, म्हणून भिंतीवर शिंपल्यांसारखे थर दिसतात. गरम अल्कली मात्र कडेच्या नागमोडीतले उंचवटे ओलांडून १११ पृष्ठापाशी येऊन थांबते. चूक पुढे नेण्याऐवजी ती पुसते. ही शिस्त थेट अणूंच्या पातळीपर्यंत जाते. १९९० मध्ये बेल लॅब्जमधल्या ग्रेग हिगाशी, ईव्ह शाबाल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की फ्लोराइडच्या द्रावणाचा सामू वाढवून ते अल्कधर्मी केले तर सिलिकॉनचे १११ पृष्ठ हायड्रोजनच्या एकेका अणूने झाकलेले, जवळजवळ आदर्श सपाट होते. पाण्यात विरघळवलेल्या एका क्षाराने, भांड्यात बुडवून, हा पृष्ठभाग मिळाला. नेमकेपणाची मक्तेदारी महागड्या यंत्राकडे असते असे मानणाऱ्याने या निकालाजवळ थोडे थांबावे.

स्फटिकाच्या दिशेइतकाच महत्त्वाचा दुसरा शिस्तपालक म्हणजे विद्युतभार. हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवलेला शुद्ध सिलिकॉन तसा शांत बसतो. हायड्रोजनने झाकलेल्या पृष्ठभागाला आम्ल सहजी हात लावत नाही. त्यावर हल्ला व्हायला पृष्ठभागाशी धन भार, म्हणजे होल, पोहोचावा लागतो. हा भार विजेने पुरवला तर काय होते हे १९५६ मध्ये बेल लॅब्जच्या आर्थर उहलिर यांनी नोंदवले. ते जर्मेनियम आणि सिलिकॉन विजेच्या साहाय्याने घासून आकार देण्याच्या खटपटीत होते, आणि काही परिस्थितीत सिलिकॉन चकचकीत होण्याऐवजी त्यावर रंगीत, काळपट थर चढत होता. तो थर म्हणजे सच्छिद्र सिलिकॉन. पुढची चौतीस वर्षे तो प्रकाशाच्या अभ्यासकांच्या फारसा नजरेत आला नाही. १९९० मध्ये इंग्लंडमधल्या मॅलव्हर्न येथील संशोधन संस्थेत ली कॅनहॅम यांनी दाखवले, की असा सिलिकॉन पुरेसा पोखरला तर अतिनील प्रकाशात लालसर नारिंगी चमकतो. एरवी सिलिकॉन प्रकाश देण्याच्या बाबतीत अगदी मंद. त्याचा ऊर्जापट्ट्यांमधला अंतराय १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, तोही अप्रत्यक्ष, म्हणजे इलेक्ट्रॉनला खाली उतरताना स्फटिकाच्या कंपनांची मदत घ्यावी लागते आणि बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते. पोखरून उरलेली तंतूंसारखी जाळी काही नॅनोमीटर जाडीची झाली की हे नियम बदलतात.

मला त्याहून जास्त विचारात टाकते ते पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, फोल्कर लेमान आणि उलरिश ग्योझेले यांनी दिलेले स्पष्टीकरण. इतकी नाजूक जाळी आम्लात विरघळून नाहीशी का होत नाही? त्यांचे उत्तर असे, की दोन छिद्रांमधली भिंत पुरेशी पातळ झाली की क्वांटम बंधनामुळे तिच्यातला ऊर्जा अंतराय वाढतो, धन भाराला तिच्यात शिरायला जास्त ऊर्जा लागते आणि तो शिरत नाही. भार नाही म्हणून आम्लाचा हल्ला नाही. जो गुण उपकरणाला हवा, तोच गुण त्या रचनेला आम्लापासून वाचवतो. माणसाने इतक्या पातळ भिंती एकेक करून कोरायला घेतल्या असत्या तर मास्कची बारकाई कधीच पुरी पडली नसती. इथे मास्क लागत नाही. विजेचा प्रवाह आणि आम्लाची तीव्रता ठरवली की भिंतीची जाडी भौतिकशास्त्र ठरवते. एवढेच नव्हे, प्रवाह कमीजास्त करत गेले की छिद्रांचे प्रमाण थराथराने बदलते, त्यामुळे अपवर्तनांक बदलतो आणि एकाच वेफरमध्ये, एकाच भांड्यात, ठरावीक रंग परतवणारा आरसा उभा राहतो. अशा आरशाच्या छिद्रांत एखादे रसायन शिरले की त्याचा रंग सरकतो. सच्छिद्र सिलिकॉनचे प्रकाशीय संवेदक याच साध्या तत्त्वावर उभे राहिले.

तिसरा मार्ग धातूचा. २००० मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या ली आणि बोन यांनी दाखवले, की सिलिकॉनवर सोने किंवा प्लॅटिनमचा अगदी पातळ थर देऊन तो हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात बुडवला, तर बाहेरून वीज न देताही सिलिकॉन कोरला जातो. पेरॉक्साइड धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन घेतो, त्यामुळे धातूखालच्या सिलिकॉनमध्ये धन भार जातो, आणि आम्ल नेमके तिथेच सिलिकॉन विरघळवते. धातू खाली बसत जातो, त्याच्याखालचे आणखी विरघळते, तो आणखी खाली बसतो. इतर पद्धतींत मास्कने झाकलेले शिल्लक राहते. इथे झाकलेलेच खाली जाते आणि उघडे उभे राहते. चांदीच्या क्षाराचे द्रावण वापरले तर चांदीचे कण आपोआप बसतात आणि तासाभरात सिलिकॉनच्या सुयांचे रान उभे राहते. वर साठलेली चांदीची जाळी नंतर नायट्रिक आम्लाने काढून टाकतात. या पद्धतीचे खरे बळ क्ष-किरणांच्या भिंगांत दिसते. कठोर क्ष-किरण पदार्थातून आरपार जातात, त्यांना वळवायचे तर अत्यंत अरुंद आणि तरीही खूप उंच कडी लागतात. अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेत चिए चांग आणि अ‍ॅन सकदिनावत यांनी २०१४ मध्ये अशा कड्यांची झोन प्लेट याच पद्धतीने बनवून दाखवली. धातू जिथे टेकतो तिथेच क्रिया होते, म्हणून भिंत सरळ राहते. आयन वरून मारून इतकी अरुंद खोली गाठणे फार कठीण असते, कारण खोल जाता जाता ते भिंतीवरही आदळतात.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जास्त ऐकू येणारा म्हणजे रसायनाचा भरवसा नाही. आज जमलेले उद्या जमत नाही. तक्रार खरी आहे, पण तिचे निदान मला चुकीचे वाटते. वेट बेंचवरचा बेभरवसा लहरी नसतो, त्याला कारणे असतात, आणि ती कारणे लिहिली जात नाहीत. ८० अंशांच्या आसपास पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचे तापमान एका अंशाने चुकले तर वेग सुमारे पाच टक्क्यांनी बदलतो. तापमापक भांड्याच्या कडेला बुडवला की मध्यावर, यानेही निकाल हलतो. बुडबुडे पृष्ठभागावरून सुटावेत म्हणून त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात, पण ते ८२ अंशांना उकळते. म्हणजे बाथ गरम असेपर्यंत ते सतत उडून जात असते आणि दुपारचा बाथ सकाळचा राहत नाही. हवेत ठेवलेल्या वेफरवर नॅनोमीटरभर ऑक्साइड चढतो. तो आधी आम्लात काढला नाही तर कोरणे ठिपक्याठिपक्यांनी सुरू होते. पेरॉक्साइडची बाटली उघडल्यापासून उतरत जाते. धातूच्या पद्धतीत आम्ल आणि पेरॉक्साइड यांच्या प्रमाणावर सगळे अवलंबून असते: आम्ल भरपूर असेल तर धातूखाली सरळ विहीर पडते, पेरॉक्साइड वाढले तर जादा धन भार आजूबाजूला पसरतो आणि भिंतीच पोखरल्या जातात. एन-प्रकारच्या सिलिकॉनमध्ये प्रकाशानेही धन भार तयार होतात, म्हणून सच्छिद्र थर करताना खोलीतला दिवा चालू होता की बंद, हीसुद्धा एक राशी असते. या सगळ्या गोष्टी मोजता येतात. प्लाझ्माचे यंत्र त्याच्या राशी स्वतः नोंदवते म्हणून ते भरवशाचे वाटते. बेंचवर ती नोंद माणसाने करायची असते. शिवाय प्लाझ्माच्या कक्षालाही स्मरणशक्ती असतेच. आदल्या कामाचा लेप भिंतींवर राहतो आणि पुढच्या वेफरचा वेग बदलतो. म्हणून तर खरे काम सुरू करण्याआधी तो कक्ष मुरवून घेतात.

याच आक्षेपाचा एक पोटभाग सुकवण्याचा आहे, आणि तो सहसा विसरला जातो. आम्लातून वेफर बाहेर काढला, धुतला, म्हणजे काम संपले असे वाटते. पण दोन बारीक सुयांमधले पाणी आटताना त्याचा पृष्ठताण त्या सुयांना एकमेकींकडे ओढतो. उभ्या राहिलेल्या सुया माथ्याशी चिकटून झुबके होतात, सच्छिद्र थराला तडे जातात आणि मग दोष एचिंगच्या नावे लिहिला जातो. पाण्याऐवजी इथेनॉल किंवा त्याहून कमी पृष्ठताणाचे पेन्टेन वापरून, किंवा कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर, मोठ्या दाबाखाली नेऊन द्रव आणि वायू यांची सीमाच नाहीशी करून, हा अपघात टाळता येतो. पदार्थाच्या कलाने घ्यायचे तर ते शेवटच्या थेंबापर्यंत घ्यावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: स्फटिक सगळे आकार देत नाही. प्रकाशाची वाट वळवायची असेल, वर्तुळाकार अनुनादक हवा असेल, तर पोटॅशियम हायड्रॉक्साइड उपयोगाचे नाही. वक्र भिंत एका स्फटिकी पृष्ठावर बसूच शकत नाही. द्रावण तिच्या पायऱ्या पाडेल. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच प्लाझ्मा बाजूला ठेवा असे मी म्हणत नाही. वळण प्लाझ्मानेच कोरावे. पण कोरून झाल्यावर त्या भिंतीवर आयनांच्या माराचे ओरखडे, बिघडलेला थर आणि वायूंचा अवशेष राहतो, आणि तो तसाच ठेवून मोजमापाला बसणे म्हणजे रंधा न मारता करवतीवरून थेट पॉलिशला जाणे. पातळ ऑक्साइड चढवून तो आम्लाने उतरवणे या दोन पायऱ्या वक्र भिंतीलाही लागू पडतात, कारण त्यांना स्फटिकाच्या दिशेची फारशी गरज नसते. मी शेवटचा शब्द म्हटले आहे, एकमेव शब्द नव्हे.

तिसरा आक्षेप सोन्याचा. सोन्याचे अणू सिलिकॉनच्या ऊर्जा अंतरायाच्या मध्याजवळ पातळी तयार करतात, इलेक्ट्रॉन आणि होल तिथे येऊन एकमेकांना संपवतात, आणि गरम सिलिकॉनमध्ये सोने वेगाने पसरते. म्हणून इलेक्ट्रॉनिक चिप बनवणाऱ्या कोणत्याही लाइनवर सोने लागलेला वेफर दाराबाहेरच ठेवतात. हा नियम योग्य आहे आणि धातूच्या पद्धतीची मर्यादाही त्यातून स्पष्ट होते: ज्या उपकरणात प्रकाशासोबत वीजही वाहायची आहे, तिथे ती जपूनच वापरावी. पण क्ष-किरणांचे भिंग, आरसा, विवर्तन जाळी यांत वीज वाहत नाही. तिथे हा आक्षेप घेणे म्हणजे एका कामाची अट दुसऱ्या कामावर लादणे. पोटॅशियमबद्दलही अशीच सावधगिरी लागते; ज्यांना चालत नाही ते टीएमएएच हे धातूविरहित अल्कली वापरतात आणि स्फटिकाचे उतार त्यांनाही मिळतात.

चौथा आक्षेप सौर घटांकडून येतो, आणि तो माझ्या मताविरुद्ध वाटला तरी मला तो माझ्याच बाजूचा साक्षीदार वाटतो. उघडा सिलिकॉन दृश्य प्रकाशाचा सुमारे तिसरा हिस्सा परत फेकतो. अल्कलीने पिरॅमिड पाडले की हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास येते, आणि नॅनोमीटरच्या सुया उभ्या केल्या की वेफर डोळ्याला काजळासारखा दिसतो. साहजिकच वाटले की सर्वांत काळा वेफर सर्वांत जास्त वीज देईल. तसे झाले नाही. सुयांमुळे पृष्ठभाग कितीतरी पट वाढतो, आणि प्रकाशाने तयार केलेले विद्युतभार त्या वाढलेल्या पृष्ठभागावर आणि जास्त भेसळ (डोपिंग) झालेल्या टोकांत मरतात. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतल्या ओह, युआन आणि ब्रान्झ यांनी काळ्या सिलिकॉनचा १८.२ टक्के कार्यक्षमतेचा घट बनवला, तो वेगळा परावर्तनरोधी थर न देता. त्यांचे यश जास्त काळेपणात नव्हते. चांदीच्या कणांनी कोरलेला पृष्ठभाग आटोक्यात ठेवण्यात आणि भेसळ सौम्य करण्यात होते. पुढे हिऱ्याच्या तारेने कापलेल्या बहुस्फटिकी वेफरवर जुने आम्लाचे पोत नीट उठेनात तेव्हा कारखान्यांनी धातूची पद्धत उचलली. मग एकस्फटिकी वेफर स्वस्त झाले, अल्कलीचे साधे पिरॅमिड पुरेसे ठरले, आणि ती पद्धत तिथून मागे पडली. यावरून काही जण म्हणतात की नॅनोरचना फसली. मला त्यातून दिसते ते असे, की जिथे पृष्ठभागाचा हिशेब आधी मांडला तिथे रसायन जिंकले. फक्त अधिक साधे रसायन जिंकले.

शेवटचा आक्षेप जिवाचा आहे, आणि त्याला युक्तिवादाने हलके करू नये. हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून आत झिरपते, शरीरातल्या कॅल्शियमला बांधते, आणि ते पातळ असेल तर वेदना काही तासांनी जाणवते. तोवर इजा खोल गेलेली असते. ते काचेच्या भांड्यात ठेवता येत नाही, आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम नसेल तर त्याची बाटली उघडू नये. एकट्याने तर मुळीच काम करू नये. हे नियम न पाळणाऱ्या प्रयोगशाळेने रासायनिक एचिंग करू नये, असे मी बिनशर्त म्हणेन. मात्र धोक्याची तुलना करायची तर दोन्ही बाजू मोजाव्यात. खोल चरी पाडणाऱ्या प्लाझ्मात वापरला जाणारा सल्फर हेक्झाफ्लोराइड शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा वीस हजार पटींहून जास्त तापमानवाढ करणारा वायू आहे. चांगल्या ठिकाणी तो बाहेर सोडण्याआधी नष्ट करतात, जसे चांगल्या ठिकाणी वापरलेले आम्ल निष्प्रभ करून वेगळे साठवतात. दोन्हीकडे प्रश्न शिस्तीचाच आहे.

या साऱ्याचा आपल्याकडच्या कामाशी थेट संबंध आहे. आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००८ पासून एका राष्ट्रीय कार्यक्रमाखाली आपल्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या सुविधा बाहेरच्या संशोधकांना खुल्या केल्या, आणि अनेक महाविद्यालयांतले विद्यार्थी क्लीनरूममध्ये पहिल्यांदा पाऊल ठेवू शकले. पण तिथला यंत्राचा वेळ मोजका असतो, आणि परत आल्यावर आपल्या विभागात काही करता येत नाही अशी समजूत घेऊन विद्यार्थी परततात. सुरक्षित फ्यूम हूड, तापमान धरून ठेवणारा बाथ, शुद्ध पाणी आणि एक बरा सूक्ष्मदर्शक एवढ्यावर व्ही आकाराच्या चरी आणि पिरॅमिड करता येतात. आम्लाची शिस्त असेल तर सच्छिद्र आरसेही. त्यांत शिकण्यासारखे भौतिकशास्त्र कुठल्याही महागड्या कक्षातल्यापेक्षा कमी नाही. उलट तिथे यंत्र लपवते ते इथे उघड्यावर घडते: कोणते पृष्ठ थांबले, कुठला भार कुठे गेला, बुडबुडा कुठे अडला.

म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. 'द्रावणात बुडवले' एवढे लिहून पुढे जाऊ नका. वेफरचा प्रकार, रोधकता आणि पृष्ठाची दिशा लिहा. द्रावण कधी बनवले, कितव्या वेफरला वापरले, तापमान कुठे मोजले, भांडे झाकलेले होते का, दिवा चालू होता का, धुतल्यावर कशात सुकवले, हे लिहा. बिघडलेल्या वेफरचीही तेवढीच नीट नोंद करा, कारण स्फटिकाने नकार कुठे दिला ते तिथेच कळते. आणि रचना डोळ्यांना कितीही सुबक दिसली तरी तिच्यातून प्रकाश सोडून मोजल्याशिवाय तिला चांगली म्हणू नका.